ब्रह्मांडाच्या कामात अंबडचा वाटा

३० मार्च, गुढीपाडवा. सकाळ

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी, कुणी वाचावी म्हणून नाही. तरी शुद्ध मराठीत आणि सुवाच्य अक्षरात लिहायचं ठरवलं आहे. पुढे कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

काल आमच्या ऑनलाईन सेंटरच्या तिन्ही कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम टाकला. परदेशातल्या शास्त्रज्ञांचा आहे. दुर्बिणीने आकाशातून धरलेले सिग्नल त्यांच्याकडे एवढे साठलेत की त्यांचे स्वतःचे कॉम्प्युटर पुरत नाहीत. मग ते हिशोबाचे तुकडे करून जगभरातल्या स्वयंसेवकांना वाटतात. आपला कॉम्प्युटर रिकामा बसला की तुकडा सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. त्यात एखादा पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा, लपलाय का ते त्यांना कळतं. आपल्याला कामाचे गुण मिळतात. वेबसाईटवर आपल्या नावाचं पान असतं, त्यावर पहिल्या दिवसापासूनचा आलेख.

बी.एस्सी. फिजिक्स (शेवटचं वर्ष वगळता) झालेला माणूस अंबडच्या बसस्टँडजवळ सातबारे छापत बसतो, ही देशाची हानी होती. ती आजपासून भरून निघेल.

संकल्प: दिवाळीपर्यंत भारतात पहिल्या शंभरात. आलेख दिवसातून एकदाच बघायचा, सकाळी, चहाबरोबर.

३० मार्च, दुपार

आलेख पाहिला. अजून काही नाही.

३० मार्च, संध्याकाळ

पाहिला. नाही. आता उद्याच.

३० मार्च, जेवणानंतर

नेट स्लो असावं.

२ एप्रिल

गुण आले. आलेखावर एक छोटी उभी रेघ. तिन्ही कॉम्प्युटरवर उघडून पाहिली, तिन्हीवर तेवढीच आहे.

रेणुकाला दाखवली. रेणुका माझी पत्नी. सेंटरचं काउंटर ती बघते, म्हणजे फॉर्म भरणं, आधार, फोटो, झेरॉक्स आणि लोकांशी बोलणं. बाकी सगळं मी बघतो. तिने विचारलं, हे गुण कुठी चालतेत. मी म्हणालो, कुठेच नाही, हे ज्ञानाचे गुण आहेत. ती म्हणाली, मंग त्या तीन नंबरचं की-बोर्ड तेवढं बघा, त्याचं 'ळ' दबून राह्यलं न्हाई, फॉर्मात 'शाळा' लिहिता येईना.

एका अक्षरासाठी एवढं बोलायची गरज नव्हती. पण विज्ञानाला घरातून विरोध होतोच. नोंद करून ठेवतो.

६ एप्रिल

भारतात चार हजारांच्या आसपास रँक. सुरुवात म्हणून उत्तम. माझ्या मागेही माणसं आहेत. एकाने तर दोन वर्षांपूर्वी एकदाच काम केलंय, त्याला आज सकाळी मागे टाकलं. बिचारा.

शेजारी रामनिवास शेठजींचं कपड्याचं दुकान आहे. आमचा गाळाही त्यांचाच. त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं. माणूस धंद्यातला असला तरी जिज्ञासू आहे. शेवटी त्यांनी एकच विचारलं, म्हणजे तुम्ही काम करायचं, करंट तुमचा, मशीन तुमची, आणि बदल्यात बिलकुल काहीच नाही? मी म्हणालो, बिलकुल. शेठजींनी गल्ला बंद केला. मग म्हणाले, ओमप्रकाशजी, ते परदेशातले लोक धंद्याला फार हुशार आहेत.

१९ एप्रिल

ऊन भयंकर. कॉम्प्युटर विमानासारखे घरघरतात. एक नंबरच्या डब्याचं झाकण काढून टाकलं आणि दुकानातला पंखा त्याच्याकडे वळवला. गिऱ्हाईकांना थोडा उकाडा होतो, पण माणूस घाम पुसू शकतो, प्रोसेसर पुसू शकत नाही. हे वाक्य मला आत्ताच सुचलं. चांगलं आहे.

रेणुका पदराने वारा घेत फॉर्म भरत होती. तिने काही म्हटलं नाही. म्हणजे तिला पटलं असावं.

२४ एप्रिल

एक नवीन गोष्ट. माझ्या पानावर आजपर्यंत 'व्हॅलिड' एवढाच शब्द दिसायचा, आता काही तुकड्यांपुढे 'इनव्हॅलिड' दिसतं. चौकशी केली. प्रत्येक तुकडा दोघांना देतात आणि उत्तरं जुळतात का बघतात. माझं उत्तर फिनलंडच्या एका माणसाशी जुळलेलं नाही. त्याने पुन्हा तपासून पाहावं.

२५ एप्रिल

तोच तुकडा तिसऱ्या कॉम्प्युटरला दिला, ब्राझीलमध्ये. ब्राझील फिनलंडच्या बाजूने गेलं. बहुमत म्हणजे सत्य नव्हे.

तिथल्या चर्चेच्या पानावर मी नम्रपणे लिहिलं. कुणीतरी उत्तर दिलं की तुझा कॉम्प्युटर जास्त तापत असेल, तापला की चुकतो, धूळ साफ कर आणि काम कमी दे. त्याला अंबडच्या उन्हाची कल्पना नाही. आम्ही सगळेच तापलेले असतो आणि तरी काम करतो.

धूळ रविवारी साफ करणार.

३ मे

धूळ राहिली. कारण महत्त्वाचं काम निघालं. 'जालना जिल्हा' नावाची टीम काढली. सदस्य: मी. एकट्याची टीम बरी दिसत नाही म्हणून शेठजींच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम टाकून दिला. त्यांना सांगितलं होतं. स्क्रीनसेव्हर आहे, असं सांगितलं होतं. तो आहेच. तारे फिरताना दिसतात. शेठजी म्हणाले, छान आहे, गिऱ्हाईकांची पोरं बघत बसतील.

९ मे

शेठजींच्या दुकानात आज अंकुशनगरकडच्या पार्टीचा लग्नाचा बस्ता होता. दोन्हीकडची वऱ्हाडं गादीवर बसलेली, साड्यांचे ढीग, मानपानाची बोलणी शेवटच्या टप्प्यात. बिल करायची वेळ आली आणि कॉम्प्युटर जागचा हलेना. तो त्या वेळी एका तुकड्याच्या शेवटच्या भागात होता. शेठजींनी मला बोलावलं. मी म्हणालो, पंधरा-वीस मिनिटं थांबता आलं तर बरं.

तेवढ्या वेळात नवरीच्या मामींनी ठरलेला शालू पुन्हा उघडून पाहिला. त्यांना त्यात काठाचा दोष दिसला. मग दुसऱ्या मामींना जावयाच्या सफारीत दिसला. पार्टी उद्या येतो म्हणून उठली.

शेठजींनी वायर ओढली. मला ते एक शब्द वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ओमप्रकाशजी, माझं दुकान आकाशात नाही.

टीमची सदस्यसंख्या: एक. पण दर्जेदार.

१५ मे

आलेखाचा रंगीत प्रिंट काढून काउंटरच्या मागे भिंतीवर लावला. रेघ छान वर चाललीय. लोकांवर परिणाम होतो. आज एक शेतकरी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला. मी समजावायला जवळ गेलो. त्याने विचारलं, मोसंबी एवढी चढली का, मला तर काल व्यापारी पाडून मागत व्हता. मी त्याला पल्सार सांगितला. त्याने पूर्ण ऐकलं आणि विचारलं की आता विकू का थांबू.

मी म्हणालो, थांबा. काहीतरी बोलणं भाग होतं.

२० मे

तातेराव आले होते. पेपरचे वार्ताहर. रेशनकार्डाचं काम होतं, पण मी त्यांचं लक्ष भिंतीकडे वळवलं. त्यांनी फोटो काढला. मी तीन नंबरच्या कॉम्प्युटरजवळ, हनुवटीला हात.

२२ मे

बातमी आली. 'अंबडच्या शास्त्रज्ञाने घेतला ताऱ्यांचा वेध'. मी शास्त्रज्ञ असं म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, शास्त्रज्ञांच्या बरोबरीने. तातेरावांना फोन करून दुरुस्ती सांगणार होतो. पण वार्ताहराच्या कामात ढवळाढवळ करू नये.

रेणुकाने बातमी दोनदा वाचली. म्हणाली, फोटोत मागं झाडू दिसून राह्यला.

२४ मे

बातमीचा परिणाम. सकाळपासून माणसं. जांब समर्थकडून एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. मी सांगितलं की मी बघतो ते तारे वेगळे, मेलेले असतात. ते दचकले. पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि थोड्या वेळाने पुन्हा काढली. म्हणाले, बरं, मेलेले ऱ्हाऊ द्या, पण मंगळ हाय का न्हाई तेवढं बघा की. दुसऱ्या एकाला बोअर कुठे घ्यावी ते विचारायचं होतं. दुर्बिणीतून वरचं दिसतंय तर खालचं का दिसू नये, हा त्याचा मुद्दा. 

मी कंटाळून मागच्या खोलीत गेलो. बाहेर आलो तेव्हा रेणुका पत्रिकावाल्याचं आधार अपडेट करून राहिली होती आणि बोअरवाला झेरॉक्सच्या रांगेत होता. आल्यासारखं काम करून जा, असं ती म्हणाली असावी. तिला शास्त्रातलं कळत नाही, पण माणसं बसवता येतात.

१५ जून

माझा सत्कार झाला. तातेरावांनीच जमवला. दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता, त्यातच माझंही नाव घातलं. योग्यच आहे. माझे गुण सभागृहातल्या सगळ्यांच्या गुणांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होते. भाषणात मी तसं म्हणालो.

शाली कमी पडल्या, त्यामुळे मला कंपासपेटी मिळाली. वस्तू उपयोगी आहे. भाषण रंगात आलं असताना माईक बंद पडला. बहुतेक लाईट गेली असावी. पंखे चालू होते.

माझ्या शेजारी राजनंदिनी नावाची मुलगी बसली होती. बारावी सायन्सला तालुक्यात पुढे आहे. तिला सरकारी कॉलेजात नर्सिंगला जायचंय. तिची आई सत्यशीलाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. नवरा नाही. दोघी म्हणाल्या, ॲडमिशनचा फॉर्म तुमच्याकडंच भरू, भाऊ. शास्त्रज्ञाकडे भरला म्हणजे चूक व्हायची नाही, असं त्यांना वाटत असणार. मी शब्द दिला.

१ जुलै

या महिन्यात जगभरातल्या टीम्सची स्पर्धा आहे, दोन आठवड्यांची. या काळात मशीनला एक क्षणही विश्रांती द्यायची नाही. प्रोग्रॅममध्ये एक सेटिंग आहे, 'कॉम्प्युटर वापरात असतानाही काम चालू ठेवा'. ते चालू केलं. आजपर्यंत हे कसं सुचलं नाही.

रेणुका म्हणाली, काहून हे सगळं डुगूडुगू चालून राह्यलं. मी म्हणालो, सर्व्हर डाऊन असेल. सर्व्हर नेहमी डाऊन असतो, त्यामुळे हे खोटं म्हणता येणार नाही.

१४ जुलै, सकाळ

स्पर्धेचा शेवटचा दिवस. छोट्या टीम्समध्ये आपण फार वाईट नाही. आज जोर लावला तर नेपाळमधल्या एका वसतिगृहाला मागे टाकता येईल.

राजनंदिनीच्या फॉर्मचाही आज शेवटचा दिवस आहे. कागदपत्रं अपलोड करून कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, संध्याकाळी पाचपर्यंत. त्या चार दिवसांपूर्वीच आल्या होत्या, पण जातपडताळणीचा कागद काल मिळाला. रेणुका आज जालन्याला आहे, बहिणीचं बाळंतपण. जाताना तिने बजावलं, पोरीचा फॉर्म व्हईपर्यंत ते तारे बंद ठेवा, माझी आण हाय. मी हो म्हणालो.

पूर्ण बंद करणं मूर्खपणाचं आहे. शंभरावरून नव्वद टक्क्यांवर आणलं. आण पाळल्यासारखीच आहे.

१४ जुलै, दुपारी

मायलेकी आल्या. राजनंदिनीने सगळे कागद क्रमाने लावून आणले होते. पहिले दोन अपलोड झाले. तिसऱ्याला गोल फिरायला लागलं. फिरत राहिलं. मी त्यांना चहा मागवला आणि शास्त्रात संयमाचं महत्त्व सांगितलं.

मग एक नंबर आपोआप बंद झाला. तापला की तो बंद होतो. दोन नंबरवर बसलो. तिथे ओटीपी आला तेव्हा पान गेलं होतं, आणि पान आलं तेव्हा ओटीपी संपला होता. मग तीन नंबर. मी प्रोग्रॅम बंद करायला गेलो, पण बंद करायची खिडकीच उघडेना. सगळ्यांनी एकदम माझ्यावर डूख धरल्यासारखं.

मंग काय करू. वायरी ओढल्या. पुन्हा चालू केलं तर विंडोजचं अपडेट सुरू झालं. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.

पोरगी स्क्रीनकडं बघत होती. रडत नव्हती. तिची आई म्हणाली, भाऊ, दुसरीकडं जाऊ का. मी म्हणालो, होतंय, दोन मिन्टं. हे मी किती वेळा म्हणालो, मला आठवत न्हाई.

१४ जुलै, संध्याकाळ

फॉर्म भरला गेला. त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही.

रेणुका जालन्याहून एसटीने उतरली तर सत्यशीलाबाई आणि राजनंदिनी स्टँडवर तिला भेटल्या. दुसऱ्या सेंटरमध्ये रांग होती. रेणुका तिथेच, स्टँडच्या पायरीवर बसली, स्वतःच्या मोबाईलवर कागदांचे फोटो काढून टाकले, पसंतीक्रम भरला, सबमिट केलं. पाच वाजायला आले होते. मी मागून पळत गेल्तो. पोहोचलो तेव्हा राजनंदिनी मोबाईलवर पावतीचा नंबर मोठ्याने वाचून राहिली होती आणि रेणुका लिहून घेत होती.

मी म्हणालो, चला, शेवट गोड झाला. तिघींपैकी कुणी वर पाहिलं नाही. मग सत्यशीलाबाईंनी कागद पिशवीत भरले आणि मला शांतपणे म्हणाल्या, भाऊ, तुमचं चालू द्या.

तशा त्या चांगल्या आहेत.

१५ जुलै

नेपाळच्या वसतिगृहाने आम्हाला हरवलं. वायरी ओढल्यामुळे.

रेणुका बोलत नाही. थकली असेल, प्रवासाने.

१९ जुलै

अजून थकलेली आहे.

१ ऑगस्ट

कामाची विभागणी झाली. रेणुका तिचा लॅपटॉप, छोटा प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन घेऊन शेठजींच्या दुकानाच्या दर्शनी कोपऱ्यात बसायला लागली. जागा शेठजींनी आपणहून दिली. म्हणाले, वहिनीकडे माणसं येतील, माणसं आली तर कापडावर नजर पडेल.

मी याकडे असं बघतो. मोठ्या संस्थांमध्ये संशोधन विभाग आणि जनसंपर्क विभाग वेगळे असतात. आता आमच्याकडेही तसं झालं.

१७ ऑगस्ट

विक्रम. एका दिवसात आजवरचे सर्वाधिक गुण. आलेखाची रेघ काटकोनात उभी. कारण शोधलं: तिन्ही मशीन दिवसभर पूर्ण मोकळ्या मिळतात. कुणी मध्येच येऊन सातबारा मागत नाही.

पाऊसही बरा झालाय, हवा थंड आहे. उत्तरं जुळू लागली. फिनलंड सुधारलं.

२५ ऑगस्ट

आज दिवसभरात एकच माणूस आला. त्याला रेणुकाताई कुठं बसतात ते हवं होतं. मी दाखवलं. पुन्हा विक्रम.

५ सप्टेंबर

भारतात पहिल्या पाचशेत.

ही बातमी रेणुकाला समक्ष सांगावी म्हणून शेठजींच्या दुकानात गेलो. बाकावर माणसं, पायरीवर माणसं. रेणुकाने वर न बघता विचारलं, काय काम हाय, नंबर घ्या. मी म्हणालो, मी आहे. ती म्हणाली, दिसलं मला, पण हे लोकं सकाळपासून बसलेत. मी चिठ्ठी घेतली. माझ्या पुढे नऊ जण होते. सहाव्याचं काम चालू असताना दुकान बंद करायची वेळ झाली.

घरी जाताना सांगितलं. ती म्हणाली, बराबर. मग घराचं कुलूप काढताना म्हणाली, राजनंदिनीचा नंबर लागला, पहिल्याच पसंतीला, पेढे देऊन गेली. मी विचारलं, माझ्यासाठी पेढा ठेवला का. तिने ठेवला होता. डब्यात.

पेढा चांगला होता. का कोण जाणे, पूर्ण संपवता आला नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

तिन्ही कॉम्प्युटरना हार घातले, हळदकुंकू लावलं. एकट्यानेच. दोन नंबरच्या पंख्यात झेंडूची पाकळी गेली, अजून फडफडतेय. शेठजींकडे वहीपूजनाला सगळे जमले होते. हसण्याचा आवाज येत होता. मी आलेख बघत बसलो. चारशे एक्काहत्तर. शंभरात यायला तसं फार अंतर राहिलेलं नाही.

९ ऑक्टोबर

काहीतरी बिघाड. मशीन काम मागते, तिकडून उत्तर येतं: 'सध्या काम उपलब्ध नाही'.

१० ऑक्टोबर

तेच. नेट तपासलं. नेट उत्तम आहे.

१४ ऑक्टोबर

ईमेल आला. दुर्बिणीचा तो सगळा साठा तपासून संपला. प्रकल्प पूर्ण. काही नवीन तारे सापडले, ज्यांच्या मशीनवर सापडले त्यांची नावं दिली आहेत. फिनलंडच्या माणसाचं आहे. माझ्या मशीनवर काही सापडलं नाही. पण त्यांनी छापलेल्या शोधनिबंधाच्या शेवटी 'आणि जगभरातील हजारो स्वयंसेवकांचे आभार' असं वाक्य आहे. त्यात मी आहे.

वाक्य पुन्हा वाचलं. आहे.

मशीन बंद केल्या. दुकान इतकं शांत होईल असं वाटलं नव्हतं. शेठजींच्या दुकानातलं बोलणं भिंतीतून स्पष्ट ऐकू येतं. रेणुका कुणालातरी सांगत होती, मावशी, घाबरू नका, चुकलं तर पुन्हा भरू.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

रँक चारशे बासष्ट. आता कायमची. कुणी पुढेही जाणार नाही आणि मागेही. स्थैर्य आलं म्हणायचं.

संध्याकाळी पूजा झाल्यावर रेणुका पणत्या लावत होती. मी तेल घालून देत होतो. दुसरा प्रोजेक्ट आहे एक, प्रोटीनचा, असं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हणालो, तुझ्याकडं काही काम हाय का.

ती पणती हातात धरून उभी राहिली. मला वाटलं आता सगळं काढेल, जुलैपासूनचं. तिने काढलं नाही. म्हणाली, पुढच्या महिन्यात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले असतेत. ज्यायला चालता येत न्हाई त्यायच्या घरी जावं लागतं. मला दुकान सोडून जमत न्हाई. जाता का.

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

२१ ऑक्टोबर, जेवताना

विचार केला. जातो म्हणालो.

६ नोव्हेंबर

दाखल्यांच्या मोहिमेचा पहिला दिवस. फील्डवर्क म्हणता येईल. म्हाताऱ्या माणसाचे अंगठे झिजलेले असतात, मशीन ओळखत नाही, म्हणून मोबाईलवर चेहऱ्याने करतात. माणसाने कॅमेऱ्याकडे बघून डोळ्यांची उघडझाप करायची. केली की तो जिवंत आहे हे सरकारला पटतं. सोपं आहे. मी दुपारपर्यंत पूर्ण गल्ली संपवायचं नियोजन केलं होतं.

पहिलं घर बायनाबाईंचं. नवरा सरकारी नोकरीत होता, त्याची पेन्शन. म्हातारी खाटेवर बसलेली. सुनेने पदर नीट करून दिला. मी मोबाईल धरला आणि म्हणालो, आजी, डोळे मिटा-उघडा. त्यांनी डोळे आणखी मोठे केले. फोटो काढताना डोळे मिटू नयेत, असं कुणीतरी त्यांना लग्नात सांगितलं होतं म्हणे, आणि ते त्यांनी आजपर्यंत पाळलंय. मी विनंती केली. सुनेने हात हलवून पाहिला. म्हातारी पापणी हलवेना. ॲप दर वेळी म्हणे, पुन्हा प्रयत्न करा.

माझा हात भरून आला. मोबाईल तसाच धरून मी गप्पा मारायच्या ठरवल्या, म्हणजे त्या सैल होतील. त्यांनीच विचारलं, लेकरा, तू आधी कुठी कामाला व्हता.

आता एवढं कुणी आपणहून विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. दुर्बीण सांगितली, तुकडे सांगितले, पल्सार कसा फिरतो ते सांगितलं. मग माझ्या योगदानाचा इतिहास, एप्रिलपासून, महिनावार. फिनलंडचा वाद. मे महिन्यातली टीम आणि तिची सदस्यसंख्या. त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. जुलैची स्पर्धा सांगायला लागलो तेव्हा त्यांच्या पापण्या खाली आल्या, वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. मोबाईल टिंग वाजला. दाखला झाला.

मी म्हणालो, आजी, झालं. त्या हलेनात. मान छातीवर.  दाखला निघाला त्याच मिनिटाला असं काही झालं तर सरकारला काय सांगायचं. सून वाकून बघायला लागली. तेवढ्यात म्हातारी घोरली.

सुनेने हळूच त्यांना आडवं केलं, अंगावर गोधडी घातली. मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, खोकल्यानं त्यायला तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाई लागला, लई उपकार झाले तुमचे.

बाहेर येऊन रेणुकाला फोन केला. पहिला दाखला झाला म्हणालो. कसा झाला, तिने विचारलं. मी आधी टाळलं, मग सांगितलं. ती हसायला लागली. मागे दुकानात माणसं बसलेली असणार, तरी हसत होती. जुलैपासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मी फोन कानाला धरून गल्लीत उभा राहिलो.

मग ती म्हणाली, पुढच्या घरी सुग्रीव मास्तर हायेत, त्ये बी डोळे मिटत न्हाईत. त्यायला बी तेच सांगा. एप्रिलपासून.